वारज्याची हवा

पुणे शहराच्या नैर्ऋत्येस, मुठा नदीच्या काठी वारजे नावाची वस्ती आहे. एका अंगास नदी, दुसऱ्या अंगास टेकड्या आणि मधून जाणारा मुंबई–बंगळूर महामार्ग, अशी ह्या भागाची ठेवण आहे. ऑगस्ट महिन्यात ढग उचललेले असताना, एखाद्या सकाळी येथील टेकडीवर चढून दक्षिणेकडे पाहावे. तेरा-चौदा किलोमीटरांवरचा सिंहगड हात लांबवला तर लागेल असा भासतो. त्याच्या माथ्यावरील दूरदर्शनचा मनोरासुद्धा वेगळा ओळखता येतो. तीच टेकडी, तीच सकाळची वेळ, परंतु महिना डिसेंबरचा असेल तर काय दिसते? आकाशात ढगाचा लवलेश नाही, पाऊस नाही, ऊन लख्ख पडू लागलेले आहे. आणि तरीही गडाच्या जागी करड्या रंगाचा एक अस्पष्ट पट्टा तेवढा दिसतो. कधी कधी तोही दिसत नाही.

डोळ्यांनी दिसणारा हा फरक नाकालाही कळतो. पावसाळ्यात सकाळी खिडकी उघडली की ओल्या मातीचा वास येतो. हिवाळ्यात तीच खिडकी उघडली की जळक्या पाल्याचा. मुलांनो, येथे एक प्रश्न सहज उभा राहतो. महामार्गावरच्या मोटारी ऑगस्टमध्ये धावतात, तशाच डिसेंबरमध्येही धावतात. घरे तीच, माणसे तीच, हॉटेलांच्या भट्ट्या त्याच. मग एकाच गावची हवा वर्षातून चार वेळा आपले रूप का पालटते?

उत्तराकडे वळण्यापूर्वी गावाची थोडी ओळख करून घेऊ. वारजे हे मूळचे शेतीचे गाव. गेल्या शतकाच्या अखेरीस ते पुणे महानगरपालिकेत आले आणि पाहता पाहता शेतांच्या जागी उंच इमारती उभ्या राहिल्या. खडकवासल्याच्या धरणातून सुटलेली मुठा शिवण्याकडून खाली येते, ती वारज्याला वळसा घालून पुढे शहरात जाते. उत्तरेच्या बाजूस, महामार्गावरच, चांदणी चौक लागतो. तेथील जुना पूल २०२२ च्या ऑक्टोबर महिन्यात सुरुंग लावून पाडण्यात आला आणि २०२३ च्या ऑगस्टमध्ये नवा पूल वाहतुकीस खुला झाला, हे तुमच्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. सांगायचे तात्पर्य, वारजे हे नदीच्या खोऱ्यात वसलेले, टेकड्यांच्या कुशीत असलेले आणि एका फार मोठ्या रस्त्याच्या काठी वाढलेले गाव आहे. ह्या तिन्ही गोष्टी पुढे उपयोगी पडतील.

आता हवेत काय असते ते पाहू. नायट्रोजन, ऑक्सिजन इत्यादी वायू तुम्ही विज्ञानाच्या पुस्तकात शिकला आहातच. परंतु हवेत वायूंखेरीज असंख्य सूक्ष्म कण तरंगत असतात. मातीचे कण, डिझेलची काजळी, जळलेल्या पानांची राख, फुलांचे पराग, समुद्राच्या तुषारांतून उडालेले मीठ, सिमेंटची पूड असा हा नाना जातींचा मेळा असतो. कवडसा पडला असता त्यात नाचणारे कण आपण पाहतो; ते त्यांतल्या त्यात आडदांड. खरे उपद्रवी कण डोळ्यांना दिसतच नाहीत. मिलिमीटरच्या हजाराव्या भागास मायक्रोमीटर म्हणतात. दहा मायक्रोमीटरांपेक्षा मोठा कण बहुधा नाकातच अडतो. त्याहून लहान कण घशापर्यंत आणि श्वासनलिकांपर्यंत जातात. अडीच मायक्रोमीटरांहून लहान, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीच्या पंचविसाव्या-तिसाव्या भागाइतके जे कण असतात, ते मात्र फुप्फुसांतील अगदी शेवटच्या, फुग्यांसारख्या वायुकोशांत जाऊन बसतात. त्यांतले काही तर रक्तातही उतरतात. शास्त्रज्ञ ह्या कणांना ‘पीएम दोन पॉइंट पाच’ असे नाव देतात. आपण त्यांना सूक्ष्म कण म्हणू.

आपल्या जुन्या योगग्रंथांत माणसाचे अहोरात्रीचे श्वास २१,६०० सांगितले आहेत. मिनिटाला पंधरा ह्या हिशेबाने तो आकडा अगदी बरोबर येतो. स्वस्थ बसलेला मोठा माणूस एका श्वासात सुमारे अर्धा लिटर हवा घेतो, तेव्हा दिवसाकाठी जवळजवळ ११,००० लिटर हवा आपल्या छातीतून जाते. पाणी आपण गाळून पितो, धान्य निवडून घेतो. हवा मात्र येईल तशी घ्यावी लागते. लहान मुलांचा श्वास मोठ्यांपेक्षा जलद चालतो आणि त्यांच्या वजनाच्या मानाने ती अधिक हवा घेतात. त्यांचे नाकही जमिनीला, म्हणजेच मोटारींच्या धुराड्यांना, अधिक जवळ असते. तेव्हा हा विषय तुमचा आहे, तो केवळ आईवडिलांनी वर्तमानपत्रात वाचून सोडून देण्यासारखा नव्हे.

वर्षाची सुरुवात आपण पावसाळ्यापासून करू. जून ते सप्टेंबर ह्या महिन्यांत वारज्याला वारा येतो तो पश्चिमेकडून. अरबी समुद्र येथून सरळ रेषेत शंभर किलोमीटरांच्या आसपास आहे. समुद्रावरची स्वच्छ आणि दमट हवा सह्याद्री ओलांडून येते आणि गावातला धूर, धूळ बरोबर घेऊन पूर्वेकडे निघून जाते. वारा झाडूचे काम करतो, तर पाऊस सडा घालण्याचे. पावसाचा थेंब पडताना वाटेतील कण आपल्याबरोबर खाली आणतो. जाड कण ह्या झाडपुशीत चटकन सापडतात. अतिसूक्ष्म कण थेंबाच्या कडेने निसटून जातात, पण त्यांतले पुष्कळसे ढगातच बांधले जातात. कारण ढगातील प्रत्येक थेंबाला बसण्यासाठी एक कण लागतो. स्कॉटलंडमधील जॉन एटकेन ह्या शास्त्रज्ञाने १८८० च्या सुमारास प्रयोगांनी असे दाखवले की, धूळ पूर्णपणे काढून टाकलेल्या हवेत वाफ सहजासहजी धुक्याचे रूप घेत नाही. म्हणजे हवेत कण मुळीच नसते तर पाऊसही आजच्यासारखा पडला नसता! धुळीला सरसकट शत्रू मानू नये, ते एवढ्यासाठी. प्रश्न असतो तो तिच्या प्रमाणाचा आणि तिच्या जातीचा.

शिवाय पावसाळ्यात जमीन ओली असते. ओली जमीन धूळ उडू देत नाही, ओला पाला पेट घेत नाही. अशी चहूबाजूंनी मदत मिळाल्यामुळे हे चार महिने वारज्याची हवा सर्वांत स्वच्छ असते.

ऑक्टोबरमध्ये मोसमी वारे माघार घेतात. वाऱ्याची दिशा बदलते. तो आता ईशान्येकडून, पूर्वेकडून, जमिनीवरून येऊ लागतो, आणि तोही मंद. नेमक्या ह्याच सांध्यावर दिवाळी येते. फटाक्यांतील गंधक, कोळसा आणि रंगांसाठी घातलेले धातूंचे क्षार एका संध्याकाळी एकदम हवेत मिसळतात. हेच फटाके कोणी ऑगस्टच्या वाऱ्यात उडवले असते, तर त्यांचा धूर फार वेळ टिकला नसता. कार्तिकातल्या निवांत रात्री मात्र तो जेथल्या तेथे राहतो. ह्याचे कारण समजले म्हणजे सगळ्या हिवाळ्याचे कोडे उलगडते.

चिमूटभर हळद पेलाभर पाण्यात टाकली तर पाणी गर्द पिवळे होते. तेवढीच हळद हंडाभर पाण्यात टाकली तर रंग जेमतेम दिसतो. हळद तेवढीच, पाणी किती, यावर रंग ठरतो. गावातून निघणारा धूर म्हणजे हळद, आणि तो ज्या हवेत मिसळतो ती हवा म्हणजे पाणी. वरवर पाहता आकाश अथांग आहे, मग हवेला काय तोटा? परंतु धूर सगळ्या आकाशात मिसळत नाही. जमिनीलगतच्या एका थरातच तो घुसळला जातो, आणि ह्या थराची जाडी ऋतूप्रमाणे आणि वेळेप्रमाणे बदलते. उन्हाळ्यातील दुपारी जमीन तापते, तापलेली हवा उसळून वर जाते आणि हा थर दोन किलोमीटर किंवा त्याहूनही उंच होतो. हिवाळ्याच्या पहाटे तोच थर शे-दोनशे मीटरांपर्यंत खाली येऊ शकतो. उन्हाळ्यात हंडा, हिवाळ्यात पेला!

हा थर हिवाळ्यात इतका आकसतो का? सामान्यतः जमिनीपासून जसजसे उंच जावे तसतशी हवा थंड होत जाते. सिंहगड वारज्यापेक्षा सुमारे सातशे मीटर उंच असल्यामुळे तेथे चार-पाच अंश थंडी अधिक असावी, हा सरळ हिशेब. परंतु हिवाळ्यातील निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता भराभर आकाशात सोडून देते. ती गार पडते, तिला चिकटलेली हवाही गार पडते. वरची हवा मात्र अजून उबदार असते. खाली थंड आणि वर उबदार, असा हा उलटा प्रकार होतो. थंड हवा जड असते. ती वर जाण्याचे नाव घेत नाही. वरचा उबदार थर भांड्यावरील झाकणासारखे काम करतो, आणि संध्याकाळनंतर गावातून निघालेला सगळा धूर ह्या झाकणाखाली साठत जातो.

आता वारजे खोऱ्यात आहे, हे आठवा. रात्री टेकड्यांचे उतारही गार पडतात, आणि त्यांवरची जड हवा पाण्यासारखी उतारावरून ओघळत नदीच्या पात्राकडे येते. त्यामुळे खोऱ्याच्या तळाशी थंड हवेचे जणू तळेच तयार होते. डिसेंबरात पहाटे नदीकाठाहून टेकडीवर चढत गेले असता पुष्कळदा वर थंडी कमी वाटते, ते ह्यामुळेच. पुण्यात हिवाळ्यातील किमान तापमानाचे आकडे वाचताना पाषाण किंवा राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचा परिसर शिवाजीनगरपेक्षा अधिक गार असल्याचे वारंवार आढळते. मोकळी जमीन रात्री लवकर निवते, दाट वस्ती मात्र दिवसाची ऊब धरून ठेवते.

एका दिवसाच्या आतही हवेची ही चढउतार दिसते. सूर्य उगवल्यावर झाकण लगेच उडत नाही. जमीन तापायला दोन-तीन तास लागतात. आणि नेमक्या त्याच वेळी शाळांच्या बसगाड्या, कचेरीला जाणाऱ्यांच्या दुचाक्या आणि महामार्गावरचे मालट्रक एकाच वेळी रस्त्यावर असतात. म्हणून सकाळी सात ते दहा ही वेळ हिवाळ्यात सर्वांत वाईट. दुपारी झाकण उचलले जाते, हवा बरी होते. सूर्यास्तानंतर ते पुन्हा बसू लागते आणि रात्री धूर परत साठतो. ‘पहाटेची हवा सर्वांत शुद्ध’ हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. रानात आणि खेड्यात ते खरे असेल. महामार्गाच्या काठी, जानेवारी महिन्यात, ते जसेच्या तसे खरे मानता येत नाही. हिवाळ्यात कवायत आणि धावण्याचा तास पहाटेऐवजी दुपारनंतर, चारच्या सुमारास घेणे अधिक श्रेयस्कर, असे माझे मत आहे.

धूर आणि धुके एकत्र झाले म्हणजे जो प्रकार होतो त्याला मराठीत ‘धुरके’ हा सुरेख शब्द आहे. धूर आणि धुके ह्या दोन शब्दांच्या संकरातून तो बनला. गंमत अशी की, इंग्रजीतील ‘स्मॉग’ हा शब्दही ह्याच रीतीने घडला आहे. लंडनमधील एका डॉक्टरने १९०५ साली तो रूढ केला. त्याच लंडन शहरात १९५२ च्या डिसेंबर महिन्यात, ५ तारखेपासून ९ तारखेपर्यंत, हवेवर असेच झाकण बसले. घरोघरच्या शेगड्यांतील आणि कारखान्यांतील दगडी कोळशाचा धूर पाच दिवस गावातच कोंडला. भर दुपारी माणसाला आपले पाऊल दिसेना. बसगाड्या बंद पडल्या. त्या धुरक्याने सुमारे चार हजार माणसे दगावली असे प्रथम मानले गेले. पुढील अभ्यासकांनी हा आकडा बारा हजारांपर्यंत असावा असा अंदाज केला. त्यानंतर, १९५६ साली, ब्रिटिश संसदेने शुद्ध हवेचा कायदा केला आणि शहरांच्या ठराविक भागांत धूर करणारे इंधन जाळण्यास मनाई झाली. वारज्याची स्थिती लंडनसारखी नाही, हे स्पष्टच सांगितले पाहिजे. येथे कोळसा घरोघर जळत नाही, पठारावर दुपारी वारा सुटतो, आणि रोज थोडा वेळ तरी झाकण उघडते. परंतु झाकणाचा नियम तोच आहे. तो लंडनला एक आणि वारज्याला दुसरा, असे होत नाही.

ह्या नियमातून निघणारी एक गोष्ट माणसे सहसा ध्यानात घेत नाहीत. पेला लहान असेल तर एक चिमूटही पुष्कळ होते. हिवाळ्यात संध्याकाळी झाडलोट करून जमवलेला पाल्याचा ढीग कोणी पेटवतो. पाला अर्धवट ओला असतो. तो भडकून जळत नाही, धुमसत राहतो. भडकलेल्या आगीचा धूर उष्ण असतो, तो निदान उंच तरी जातो. धुमसणाऱ्या ढिगाचा धूर गार असतो. तो पहिल्या-दुसऱ्या मजल्याच्या खिडक्यांच्या उंचीवर आडवा पसरतो आणि तेथेच लोंबकळत राहतो. त्यात बहुतांशी सूक्ष्म कणच असतात आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायूही असतो. ढिगात प्लॅस्टिकची एखादी पिशवी असली, आणि ती असतेच, तर त्याहून घातक द्रव्ये मिसळतात. त्या इमारतीत दम्याचे एखादे मूल असेल, तर त्याला त्या रात्री झोप येत नाही. श्वासनलिका आकसतात, छातीत शिट्टीसारखा आवाज होतो, आणि आई त्याला उशाला टेकवून बसवून रात्र काढते. ढीग पेटवणाऱ्याला ह्यातले काहीच ठाऊक नसते. त्याने कचरा ‘साफ’ केलेला असतो.

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१६ साली देशभर उघड्यावर कचरा जाळण्यास बंदी केली आणि पाच हजार रुपयांपर्यंत दंड सांगितला; कचरा मोठ्या प्रमाणावर जाळला तर दंड पंचवीस हजार. कायदा असणे अवश्य आहे. तरीपण शेकोटीभोवती बसलेल्या रखवालदाराचा विचार केल्यावाचून हा प्रश्न संपत नाही. तो रात्रभर फाटकाशी उघड्यावर बसतो. दहा-अकरा अंशांच्या थंडीत त्याच्यापाशी पातळ चादर असते आणि हाताशी फुकटचा पाला. वरच्या मजल्यावर दारे-खिडक्या लावून झोपलेल्या माणसाने त्याला ‘शेकोटी करू नकोस’ एवढेच सांगणे सोपे आहे. परंतु त्याला एक जाड घोंगडी, वारा न लागणारी चौकी आणि रात्री गरम चहाची सोय करून देणे, हे त्या धुराचे खरे निवारण होय. जेथे एवढे होते, तेथे शेकोटीचा मोह राहत नाही. आणखी एक गोष्ट: धूर सर्वांत आधी आणि सर्वांत जवळून त्या शेकोटीपाशी बसलेल्याच्याच छातीत जातो.

पाल्याचे म्हणाल, तर तो जाळण्याची वस्तूच नव्हे. खड्ड्यात किंवा जाळीच्या पिंपात थरावर थर रचून, अधूनमधून पाणी शिंपडत राहिले, तर काही महिन्यांत त्याचे काळे, भुसभुशीत खत होते. पुण्यातील काही नागरिकांनी ‘ब्राउन लीफ’ नावाचा एक उपक्रम सुरू केला आहे. ज्यांच्या अंगणात पाने पडतात आणि ज्यांना बागेसाठी पाने हवी असतात, अशा दोघांची त्यातून गाठ घालून दिली जाते. एकाचा कचरा तो दुसऱ्याचे खत!

हवा किती बिघडली आहे हे नाकाने आणि डोळ्यांनी अजमावता येते, पण मोजण्यासाठी यंत्र लागते. ह्या बाबतीत पुणे भाग्यवान म्हटले पाहिजे. भारतीय हवामान खात्याचे मुख्य कार्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्यास आले. पुढे ते दिल्लीस गेले, तरी शिवाजीनगरमधील त्याची भव्य इमारत आजही ‘सिमला ऑफिस’ ह्याच नावाने ओळखली जाते. वारज्याच्या उत्तरेस, टेकड्यांपलीकडे, पाषाण येथे भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्था आहे. ही संस्था १९६२ साली स्थापन झाली. तेथील शास्त्रज्ञांनी हवेची प्रत मोजणारी आणि तिचे भाकीत करणारी ‘सफर’ नावाची व्यवस्था उभारली. ती २०१० साली दिल्लीत राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांच्या वेळी सुरू झाली आणि २०१३ साली पुण्यात आली. ह्या कामाची यंत्रे एका नळीतून ठराविक वेगाने हवा ओढतात आणि ती कागदी फितीतून गाळतात. फितीवर बसलेल्या कणांतून किरण सोडले जातात. कण जितके अधिक, तितके पलीकडे पोचणारे किरण कमी. त्यावरून एका घनमीटर हवेत किती मायक्रोग्रॅम कण आहेत ते कळते. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग.

भारतात सूक्ष्म कणांची चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम ठरवलेली आहे. एवढ्या कणांच्या हवेत माणसाने पूर्ण दिवस काढला, तर त्याच्या श्वासाबरोबर आत जाणाऱ्या कणांचे एकूण वजन बारीक मिठाच्या दहा-बारा दाण्यांइतके भरेल. एवढ्याने काय होणार, असे वाटते ना? पण हे दाणे असंख्य तुकड्यांत वाटले जाऊन छातीच्या तळाशी जातात, आणि असे दिवस वर्षात पुष्कळ येतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली हीच मर्यादा १५ मायक्रोग्रॅम असावी असे सुचवले.

सामान्य माणसाला समजावे म्हणून ह्या मोजमापांवरून एक निर्देशांक काढतात. २०१५ पासून देशभर तो वापरात आहे. शून्य ते ५० ‘चांगली’, १०० पर्यंत ‘समाधानकारक’, २०० पर्यंत ‘मध्यम’, ३०० पर्यंत ‘खराब’, ४०० पर्यंत ‘अति खराब’ आणि त्यापुढे ‘गंभीर’, अशा त्याच्या पायऱ्या आहेत. हा निर्देशांक वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या. पहिली, तो निरनिराळ्या प्रदूषकांची सरासरी नसतो. प्रगतिपुस्तकात सहा विषय असावे, आणि ज्या विषयात कामगिरी सर्वांत वाईट त्याच विषयावरून वर्गातला क्रम ठरावा, तसा हा प्रकार आहे. दुसरी, कणांचा आकडा चोवीस तासांच्या सरासरीवरून काढतात. म्हणून दुपारी चारला हवा चांगली झालेली असतानाही आकडा सकाळच्या धुरक्याची आठवण धरून बसतो. आणि सकाळी आठला धुरके दाटलेले असताना तो खरी स्थिती पुरती सांगत नाही. पावसाळ्यात पुण्याचा आकडा बहुधा पहिल्या दोन पायऱ्यांवर असतो. हिवाळ्यात तो ‘मध्यम’वर चढतो आणि काही दिवस ‘खराब’वरही जातो. ‘मध्यम’ हा शब्द मात्र मला थोडा फसवा वाटतो. मध्यम उंची, मध्यम बांधा म्हटले की त्यात काही वावगे वाटत नाही. पण दमेकऱ्याला आणि हृदयविकाराच्या रोग्याला त्रास होऊ शकेल अशा हवेला हा शब्द दिलेला आहे.

फेब्रुवारीच्या अखेरीस ऊन तापू लागते आणि झाकण उंच उंच जाते. हंडा मोठा होतो खरा, पण आता हळदही निराळी येते. पर्जन्यवृक्ष, पिंपळ इत्यादी झाडांची पानगळ होते आणि पाल्याचे ढीग वाढतात. जमीन कोरडी पडते. बांधकामावरची वाळू, रस्त्याच्या कडेची माती, उघड्या टेकडीवरचा मुरूम हे सगळे वाऱ्याबरोबर उडू लागते. हे कण जाड असतात. खोकला आणि डोळ्यांची आग करतात, पण धुराच्या कणांइतके खोल जात नाहीत. बांधकामाभोवती हिरवी जाळी बांधणे, वाळूवर पाणी शिंपडणे, मातीच्या ट्रकवर ताडपत्री घालणे हे उपाय साधे आहेत, आणि ते झाले की नाही हे रस्त्यावरून जाणाऱ्या कोणालाही दिसते. उन्हाळ्यात आणखी एक पाहुणा येतो, तो ओझोन. उंच आकाशातील ओझोन आपले सूर्याच्या प्रखर किरणांपासून रक्षण करतो, हे तुम्ही शिकला असाल. जमिनीजवळचा ओझोन मात्र घसा आणि फुप्फुसे जाळतो. तो कोणाच्या धुराड्यातून निघत नाही. मोटारींच्या धुरातील वायूंवर कडक ऊन पडले म्हणजे हवेतच तयार होतो. तेव्हा निळ्याभोर आकाशाच्या दुपारी हवा शुद्धच असते असे नव्हे.

वारज्याच्या टेकडीच्या एका भागावर सुमारे चाळीस एकर वनजमीन आहे. एके काळी ती उजाड होती, तिच्यावर कचरा पडे आणि अतिक्रमणेही होत. २०१५ पासून वनखात्याने आणि नागरिकांनी मिळून तेथे देशी झाडे लावली. २०२० च्या जागतिक पर्यावरणदिनी केंद्र सरकारने देशभर नगरवने उभारण्याची योजना जाहीर केली, तेव्हा वारज्याचे हे वन नमुना म्हणून दाखवण्यात आले. झाडे धूर खाऊन टाकतात, असे काही लोक उत्साहाच्या भरात म्हणतात. ते तितकेसे खरे नाही. महामार्गावरचा धूर गिळून टाकण्याची शक्ती चाळीस एकर झाडांत नाही. त्यांचे काम निराळे आहे. जी टेकडी पूर्वी प्रत्येक झुळुकीबरोबर गावात माती पाठवीत असे, तिची माती आता मुळांनी धरून ठेवली आहे. पानांवर, विशेषतः खरखरीत आणि लवदार पानांवर, धूळ येऊन बसते. मे महिन्यात ह्या वनात गेले तर पाने हिरवी कमी आणि तपकिरी अधिक दिसतात. बोट फिरवले तर बोटावर माती येते.

मग एखाद्या संध्याकाळी वळीव येतो. आधी वावटळ उठते, डोळे उघडवत नाहीत. पाठोपाठ टपोरे थेंब पडतात. दुसऱ्या दिवशी हवा धुतल्यासारखी असते. पण हा आराम एक-दोन दिवसांचा. जमीन पुन्हा वाळते आणि धूळ पुन्हा उडते. जून महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात साधारणपणे मोसमी पाऊस पुण्यास पोचतो आणि पश्चिमेचा वारा धरतो. तेव्हा टेकडीवरच्या पानांवर चार महिने साठलेली धूळ पाण्याबरोबर ओघळून बुंध्याशी जाते आणि मातीत मिसळते.